क्रँक पुली, जिनचा पट्टा आणि मामांची गाडी

मागच्या लेखात मी रबर म्हातारं कसं होतं आणि आम्ही ते प्रयोगशाळेत ओव्हनमध्ये ठेवून मुद्दाम लवकर म्हातारं कसं करतो, ते सांगितलं होतं. त्यावर पहिला प्रश्न घरातूनच आला. मामा म्हणाले, "इतकं रबर रबर करते, तर माह्या गाडीच्या पुलीचं काय झालं ते सांग ना." हा लेख म्हणजे त्यांना दिलेलं उत्तर आहे. जरा लांबलंय, कारण उत्तर शोधता शोधता मी हिंगणघाटच्या जिनिंगपासून वर्ध्याच्या मगनवाडीपर्यंत फिरून आले.

आधी झालं काय ते सांगते. मामांची प्रवासी गाडी वर्धा-हिंगणघाट रस्त्यावर चालते. डिझेल इंजिन, चार सिलिंडर. एके दिवशी समोरून बेल्ट किंचाळायला लागला आणि चार्जिंगचा दिवा पेटला. वाटेतल्या एका गॅरेजवाल्यानं पाहिलं तर क्रँक पुलीचं बाहेरचं कडं आतल्या भागावरून सरकलेलं. नवी पुली त्या दिवशी मिळणार नव्हती, गाडीत लग्नाचं वऱ्हाड बसलेलं. त्यानं मग कडं आणि आतला भाग चार ठिकाणी वेल्डिंग मारून जोडून टाकला. "आता हाललं तर मले सांगा," म्हणाला. मामा खूश.

दोनेक महिन्यांनी भर दुपारी बेल्ट उतरला. त्याच बेल्टवर पाण्याचा पंप होता. मामांचं काट्याकडे लक्ष जाईपर्यंत इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं होतं. गाडी तीन आठवडे उभी राहिली, तीही ऐन लग्नसराईत. ज्यांच्या घरात गाडी हेच शेत असतं, त्यांना तीन आठवडे म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

मामांचा प्रश्न सरळ होता: "लोखंडाले लोखंड जोडलं. मंग बिघडलं काहून?"

मला वाटतं, हा प्रश्न फक्त यंत्रशास्त्राचा नाही, इतिहासाचाही आहे. त्या गॅरेजवाल्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण त्यानं जे केलं, ते आपल्या जिल्ह्यात शंभर वर्षं बरोबरच मानलं जात होतं, आणि तेव्हा ते खरंच बरोबर होतं. चूक कुठे झाली, ते पाहू.

जिनमधली पुली

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा झाला. पुढे १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या गावाच्या जागी वर्धा शहर वसवलं गेलं, आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. या सगळ्या धावपळीमागे एक मोठं कारण होतं कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडच्या कापसाला अचानक भाव आला. हिंगणघाटची बाजारपेठ आणि तिथला 'बनी' जातीचा कापूस त्याआधीपासूनच नावाजलेला होता. १८७० च्या दशकात रेल्वे हिंगणघाटवरून वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणींकडे गेली. कापूसही हाताशी, कोळसाही हाताशी. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, त्यामागेही हाच हिशोब होता. आपल्याकडे हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या निघाल्या, आणि गावोगाव जिन उभे राहिले.

जिन म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारा कारखाना, हे विदर्भातल्या वाचकांना माहीतच आहे. आत एका ओळीत रेचे मांडलेले. पण प्रत्येक रेच्याला वेगळं इंजिन नसायचं. सगळ्या कारखान्याला मिळून एकच वाफेचं इंजिन. त्याच्यावरून पट्टा निघून एका लांबलचक लोखंडी दांड्यावर जायचा. हा दांडा म्हणजे लाइन शाफ्ट. त्या शाफ्टवर ओळीनं पुल्या, आणि एकेका पुलीवरून एकेका रेच्याला एकेक सपाट चामडी पट्टा.

या व्यवस्थेत पुलीची कामं दोनच: गोल फिरायचं आणि पट्टा धरून ठेवायचा. त्यातही शहाणपण होतं. पुलीचा पृष्ठभाग अगदी सपाट ठेवत नसत, मधोमध किंचित फुगीर ठेवत. फिरता पट्टा आपोआप उंच भागाकडे सरकतो, म्हणून तो कडेनं घसरण्याऐवजी मधे येऊन बसतो. पहिल्यांदा ऐकलं तर उलटं वाटतं, पण करून बघा. दुसरी युक्ती जोड-पुल्यांची. रेच्याच्या दांड्यावर शेजारी शेजारी दोन पुल्या, एक दांड्याला पक्की, दुसरी सैल. रेचा थांबवायचा असेल तर काठीनं पट्टा सैल पुलीवर ढकलायचा. इंजिन चालूच, शाफ्ट चालूच, फक्त तो एक रेचा थांबला. आजच्या भाषेत हा क्लच झाला.

पट्टा घसरायला लागला की त्याला राळ लावायची. तुटला की शिवायचा. पुलीला तडा गेला तर पट्टी ठोकायची, रिबेट मारायचे, पुढे वेल्डिंग आल्यावर वेल्डिंग करायचं. पुली पूर्ण लोखंडाची, तिच्यात लपलेलं असं काहीच नाही. डोळ्यांना जी दिसते ती सगळी पुली. ती गोल असली आणि डोलत नसली की झाली दुरुस्त. लोहार, फिटर, ऑइलमन यांच्या दोन-तीन पिढ्या या शाळेत शिकल्या.

ही शाळा क्रूरही होती. उघडे पट्टे आणि उघडे शाफ्ट, त्यात धोतराचा सोगा, पदर किंवा हात गेला की माणूस गेला. १८८१ मध्ये देशातला पहिला कारखाने कायदा आला. तो शंभर किंवा जास्त माणसांच्या आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. जिनिंग हंगामी, त्यामुळे बरेच जिन त्यातून आपसूक बाहेर राहिले. हंगामी कारखान्यांना नीट कायद्याखाली यायला १९११ साल उजाडलं. पट्ट्याभोवती जाळी असावी ही आज साधी वाटणारी गोष्ट आपल्याकडे किती उशिरा आली, ते यावरून कळतं.

पुली इंजिनाच्या दांड्यावर आली

पुढचा टप्पा ऑइल इंजिनाचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. अशा इंजिनांनी महाराष्ट्रातल्या विहिरी उपसल्या आणि पिठाच्या चक्क्या फिरवल्या. तुमच्यापैकी ज्यांचं बालपण खेड्यात गेलंय, त्यांना चक्कीचा तो आवाज आठवत असेल: टुक्... टुक्... टुक्.

या इंजिनात पुली थेट क्रँकशाफ्टवर बसते. लाइन शाफ्ट गेला, पट्टा राहिला. म्हणजे 'क्रँक पुली' या शब्दाचा पहिला अर्थ आपल्याकडे चक्कीची पुली हाच आहे.

आता त्या 'टुक्'कडे लक्ष द्या. एक सिलिंडर, चार स्ट्रोक. दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. मिनिटाला ६०० फेरे असतील तर मिनिटाला ३०० स्फोट, सेकंदाला पाच. उरलेला वेळ दांडा मागच्या धक्क्याच्या जोरावर फिरतो. दोन बाजूंची ती दोन अवजड चाकं, म्हणजे फ्लायव्हील, त्यासाठीच असतात. धक्का आला की ती तो साठवतात, धक्का नसेल तेव्हा परत देतात. दांडा आखूड आणि जाड, वेग कमी. त्यामुळे इथेही पुलीला नुसतं पट्टा धरण्याचंच काम उरलं. लोखंडाला लोखंड जोडून चालत होतं.

मोटारगाड्या आल्या तेव्हा समोरची पुली आणखी एका कामाला आली. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (१९०८ ते १९२७) क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला पंख्याची पुली एका आडव्या खिळीनं बसवलेली असायची, आणि गाडी चालू करायचं हँडल त्याच खिळीत अडकवून फिरवायचं. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आलेल्या जीप आणि ॲम्बेसेडर गाड्यांनाही समोर हँडल घालायचं भोक होतं. क्रँक पुलीच्या बोल्टलाच दात असत आणि हँडल त्यांत अडकायचं. जुन्या ड्रायव्हरांना विचारा, थंडीच्या सकाळी हँडल उलट मारून मनगट दुखावल्याच्या कहाण्या ऐकायला मिळतील.

दांडे का तुटू लागले

दरम्यान आपल्यापासून दूर एक वेगळीच गोष्ट घडत होती. ती इथल्या जिनमध्ये दिसली नाही, कारण इथे तिची गरजच पडली नाही.

आगबोटींचे लांब दांडे विनाकारण तुटत होते. विनाकारण म्हणजे, हिशोबापेक्षा कमी ताण असताना. हॅम्बुर्गच्या हेरमान फ्राम या अभियंत्यानं चालत्या बोटींवर मोजमाप करून १९०२ मध्ये दाखवलं की दांडा फिरता फिरता स्वतःभोवती पिळतो आणि सुटतो, पिळतो आणि सुटतो. ओलं धोतर पिळताना दोन टोकं उलट फिरवतो ना, तसं, पण अतिशय थोडं आणि अतिशय भराभर. प्रत्येक दांड्याची अशी पिळण्याची एक स्वतःची लय असते. इंजिनाचे धक्के त्या लयीशी जुळले की पीळ वाढत जातो. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की झोका उंच गेला की पोर हसतं, दांडा तुटतो.

सहा सिलिंडरच्या गाड्या आल्यावर हाच त्रास मोटारींना झाला, कारण सहा सिलिंडरचा क्रँकशाफ्ट लांब आणि म्हणून जास्त पिळणारा. १९०५-०६ च्या सुमारास रोल्स-रॉइसच्या सुरुवातीच्या सहा सिलिंडर गाड्यांमध्ये हे घडलं आणि हेन्री रॉइसना त्यावर उपाय शोधत बसावं लागलं. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानं १९१० मध्ये एक सुटसुटीत युक्ती काढली. दांड्याच्या टोकावर एक जड चकती बसवायची, पण पक्की नाही. मधे तेल ठेवायचं. दांडा एकसारखा फिरतोय तोवर चकती मुकाट्यानं सोबत फिरते. दांड्याला झटका बसला की जड चकती लगेच साथ देत नाही, मागे रेंगाळते, आणि मधल्या तेलात घर्षण होऊन त्या झटक्याची ऊर्जा उष्णतेत जिरते.

पुढे तेलाच्या जागी रबर आलं. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ केलं होतं. हे रबर एकाच वेळी दोन कामं करतं: स्प्रिंगसारखं परत येतं, आणि परत येताना थोडी ऊर्जा गिळतं. मग वेगळी चकती कशाला? पुलीचं बाहेरचं कडंच जड ठेवा, आतला भाग दांड्यावर बसवा, आणि दोघांच्या मधे रबराची एक पातळ बांगडी घाला. झाली आजची क्रँक पुली.

म्हणजे मामांच्या गाडीच्या समोर जी पुली आहे, ती दिसते जिनच्या पुलीसारखी आणि असते लँचेस्टरच्या चकतीसारखी. दांडा १५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर चार सिलिंडरचे मिळून सेकंदाला ५० धक्के बसतात. कड्याचं वजन आणि रबराचा ताठपणा हे त्या विशिष्ट दांड्याच्या लयीशी जुळवलेले असतात. ते कडं आतल्या भागाला वेल्ड केलं की पट्टा फिरतो, बॅटरी चार्ज होते, सगळं ठीक दिसतं. फक्त पीळ जिरवणारं कोणी उरत नाही.

मामांच्या बाबतीत दांडा तुटण्याच्या कितीतरी आधी दुसरंच झालं. वेल्ड करताना कडं थोडं वाकडं बसलं होतं आणि उष्णतेनं उरलंसुरलं रबरही जळालं. कडं डोलत राहिलं, बेल्टची एक कड झिजत गेली, आणि तो उतरला. एका अर्थानं मामा सुटले. बेल्ट उतरलेला निदान दिसतो. दांड्याला आतून पडणारी बारीक चीर दिसत नाही.

आता मामांच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. लोखंडाला लोखंड जोडणं हे जिनच्या पुलीसाठी शंभर टक्के बरोबर होतं. त्या गॅरेजवाल्यानं शंभर वर्षांचं अनुभवाचं ज्ञान वापरलं. पण मधल्या काळात पुलीचं काम बदललं, तिचं रूप बदललं नाही आणि नावही बदललं नाही. आणि हे त्याला कोणी सांगितलंच नाही. ना गाडी बनवणाऱ्यानं, ना पुस्तकं लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी.

मगनवाडीतला एक जुना नियम

इथे मला वर्ध्यातल्याच एका जागेची आठवण होते. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचं काम सुरू झालं. जे. सी. कुमारप्पा तिथले मुख्य कार्यकर्ते. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते तिथं मगन संग्रहालय उघडलं. शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथे गेलोय आणि चरख्यांसमोरून झरझर पुढे सरकलोय. या वेळी मी चरख्यांसमोर थांबले, कारण चरखा हे पुलीचंच यंत्र आहे. मोठं चाक, दोरीची माळ, आणि बारीक चाती. पेटी चरख्यात तर दोन टप्पे: मोठ्या चाकावरून लहान चाकावर, तिथून चातीवर. एका हाताच्या संथ फेऱ्यातून चातीचा भन्नाट वेग. मोटारवाला हेन्री फोर्ड यानं १९४१ च्या जुलैमध्ये गांधीजींना पत्र लिहिलं, तेव्हा त्याला भेट म्हणून इकडून गेला तो चरखाच.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघानं चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. तेव्हाचे एक लाख! अटी कडक होत्या. आठ तासांत १६,००० यार्ड सूत निघावं, किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये, झोपडीत बसून बाईमाणसाला फार श्रम न होता चालवता यावा. या अटी बहुतेकांना माहीत असतात. मला मात्र शेवटच्या अटींनी थांबवलं. यंत्र वेळच्या वेळी देखभाल केल्यास किमान २० वर्षं चाललं पाहिजे, आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त होता कामा नये.

म्हणजे यंत्र किती सूत काढतं एवढंच न पाहता ते बिघडल्यावर काय होतं, हा त्याच्या परीक्षेचाच भाग होता. ते बक्षीस शेवटी कोणालाच मिळालं नाही. पण तो प्रश्न मिळाला, आणि तो मी आता क्रँक पुलीला विचारते.

उत्तर अडचणीचं आहे. चरख्याची माळ सैल झाली तर कातणारा स्वतः गाठ मारतो. जिनची पुली फिटर दुरुस्त करतो. रबरवाली क्रँक पुली मात्र कोणीच दुरुस्त करू शकत नाही, ती बदलावीच लागते. १९२९ च्या परीक्षकांसमोर ही पुली नापास झाली असती. पण ती नसती तर आजच्या वेगवान, हलक्या इंजिनांचे दांडे तुटत राहिले असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग दुरुस्त करता येत नसलेली वस्तू निदान ओळखता तरी यावी आणि नीट बसवता तरी यावी, एवढी मागणी आपण करू शकतो की नाही?

नवी पुली बसवताना

मामांच्या गाडीला शेवटी नवी पुली बसवली ती वर्ध्यातल्या एका जुन्या मिस्त्रींनी. तरुणपणी त्यांनी जिनमध्ये पट्टे चढवलेले. म्हणजे जुनी शाळा त्यांचीही तीच, पण गाड्यांशी चाळीस वर्षं झुंजून ते पुढचं शिकलेले. मी दिवसभर तिथे बसून होते. जे पाहिलं ते क्रमानं सांगते, कारण यातल्या प्रत्येक पायरीमागे वरचा सगळा इतिहास उभा आहे.

आधी बॅटरीची वायर काढली, चाक आणि आतलं झाकण काढलं, बेल्ट ढिला करून उतरवला. उतरवायच्या आधी तो कसा फिरतो याचा मोबाइलवर फोटो घेतला. मग मधला बोल्ट. हा फार घट्ट असतो. इंजिन फिरू नये म्हणून दांडा मागून अडवला. काही जण पान्याला पाइप लावून स्टार्टर मारतात आणि बोल्ट सोडवतात. मिस्त्री म्हणाले, "असं करताना एकाचा दात गेला, एकाचा मोबाइल गेला. आपल्याले काय घाई हाय?"

बोल्ट निघाला तरी पुली सहसा हातानं येत नाही. इथे पुलर लागतो. आणि इथेच सगळ्यात जास्त पुल्या मरतात. पुलरचे पंजे बाहेरच्या कड्याला अडकवून ओढलं तर सगळा जोर रबरावर येतो. आतल्या भागात आटे पाडलेली भोकं असतात, ती यासाठीच. पुलर तिथेच लावायचा. मिस्त्रींनी तसाच लावला.

पुली निघाल्यावर त्यांनी नवी लगेच चढवली नाही. आधी दांड्याच्या खाचेतली चावी पाहिली. ही चावी म्हणजे पोलादाचा छोटा तुकडा, अर्ध्या चंद्रासारखा. विल्यम वुडरफ या अमेरिकनानं १८८७ मध्ये या आकाराचं पेटंट घेतलं, आणि आजही त्याच्याच नावानं ती ओळखली जाते. चावी पुलीला दांड्यावर बरोबर जागी बसवते. चावीची कड चेपलेली किंवा खाच रुंद झालेली असेल तर नवी पुलीही थोड्याच दिवसांत खुळखुळेल. मग ऑइल सील पाहिलं. सील जिथे घासतं तिथे जुन्या पुलीच्या नळीवर चर पडलेला होता. सील बदललं, ओठाला तेलाचं बोट लावलं.

नवी पुली बसवताना हातोडा नाही. एकदाही नाही. हातोड्याचा धक्का रबराला बसतो आणि दांड्याच्या टोकाच्या बेअरिंगलाही. खाच आणि चावी जुळवून पुली हातानं सरळ सरकवली आणि बोल्टनं हळूहळू आत ओढली. बोल्ट नवा वापरला, कारण काही इंजिनांत हा बोल्ट घट्ट करताना मुद्दाम थोडा ताणला जातो. एकदा ताणला की दुसऱ्यांदा तो तितकाच धरेल याची खात्री नसते.

शेवटी टॉर्क रेंच. किती घट्ट करायचं तो आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा, पुस्तकात बघूनच घ्यायचा. अंदाज यावा म्हणून सांगते: १५० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब पाइपच्या टोकाला साधारण १५ किलोचं वजन टांगल्यावर बोल्टला जो पीळ बसेल तेवढा. 'हाताला कळतं' हे जिनमध्ये चालायचं. इथे चालत नाही, कारण काही इंजिनांत चावी नसतेच. पुली आणि तिच्या मागचं टायमिंगचं चक्र निव्वळ या बोल्टच्या दाबावर जागेवर राहतं. अशा इंजिनाचा बोल्ट टायमिंग लॉक न करता सोडला, तर पुली राहील बाजूला आणि व्हॉल्व्हच वाकतील.

मग बेल्ट चढवला आणि इंजिन पान्यानं हातानंच दोन पूर्ण फेरे फिरवून पाहिलं. कुठे अडत नाही, पुली डोलत नाही, बेल्ट सगळ्या पुल्यांवर एका रेषेत. त्यानंतरच चावी मारली.

एक रेघ

आता माझ्या कामाबद्दल. रबर जुनं होण्याचा साधा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की म्हातारपणाचा वेग साधारण दुप्पट होतो. वर्ध्याचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे, त्यात इंजिनाची धग, आणि रबर स्वतः धक्के जिरवून तापतं ते वेगळंच. कडक झालेलं रबर आधी दांड्याच्या लयीशी जुळेनासं होतं, मग चिरतं, मग कडं सरकतं. जुन्या गाड्यांत टायमिंगची खूण या बाहेरच्या कड्यावरच असायची. कडं सरकलं की खूणही सरकायची, आणि चांगला मेकॅनिकही खुणेवर विश्वास ठेवून टायमिंग चुकवायचा.

हे सगळं आधी कळावं यासाठी महागडं यंत्र लागतं असं मला वाटायचं. मिस्त्रींनी नवी पुली बसवल्यावर रंगाची बारीक ब्रश घेतली आणि पुलीवर एक सरळ पांढरी रेघ ओढली. आतल्या भागापासून, रबरावरून, बाहेरच्या कड्यापर्यंत. "दर सर्व्हिसले इकडे पाहाचं. रेघ तुटली की पुली गेली."

मी गेली तीन वर्षं रबराच्या चकत्या ओव्हनमध्ये भाजतेय, आणि ही रेघ मला सुचली नव्हती. रबर सरकलंय की नाही हे ती चोख सांगते. सरकायच्या आधी ते किती कडक झालंय हे मात्र ती सांगत नाही, आणि माझं काम तिथून सुरू होतं. मिस्त्रींनी मला निकामी पुल्यांचं एक पोतं दिलंय. एरवी ते भंगारात जायचं. आता मी त्यांच्या रबराच्या बांगड्या कापून त्यांचा कडकपणा मोजतेय आणि माझ्या ओव्हनमधल्या चकत्यांशी ताडून पाहतेय.

तुम्ही वाचताय आणि घरी गाडी आहे, तर दोन गोष्टी करा. पुढच्या सर्व्हिसला, इंजिन बंद आणि थंड असताना, क्रँक पुलीवर अशी रेघ ओढून घ्या. आणि कोणी पुली वेल्ड करून देतो म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका. मधे रबर काहून असतं, तेवढं त्याला सांगा. पुढच्या गिऱ्हाइकाला तोच सांगेल.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे ते रबर दर पाच-सहा वर्षांनी बदलाचंच?" पुढच्या लेखापर्यंत मला थोडा वेळ द्या. पोत्यातल्या अजून अकरा पुल्या कापायच्या आहेत.